बदलीची बाई

बिबिजान परदेशी गेली तेव्हा जुन्नरच्या त्यांच्या गल्लीत सगळे म्हणाले, राजमहंमदची बायको दुबईला गेली. देश दुबई नव्हता, त्याच्या पलीकडचा होता. पण जुन्नरात आखातातल्या कुठल्याही शहराला दुबईच म्हणतात, आणि बिबिजाननं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

त्याआधी ती बालवाडीत मदतनीस होती. पगार नावापुरता, पण गल्लीतलं रडणारं प्रत्येक पोर शेवटी तिच्याच मांडीवर येऊन गप्प व्हायचं. नवरा राजमहंमद बाजारपेठेच्या टोकाला फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. द्राक्षं आणि टोमॅटोचा मुलूख, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. एकुलती मुलगी इफरा हुशार निघाली आणि तिला अवसरी खुर्दच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा बिबिजाननं पासपोर्ट काढला. लोक म्हणायचे, पोरीच्या शिक्षणासाठी गेली बिचारी. ती स्वतः हसून म्हणायची, "ते हायेच. पर खोटं कशाला बोलू, मला इमानात बी बसायचं व्हतं."

ज्या घरात ती गेली तिथली मॅडम बँकेत नोकरीला होती. दोन मुलं शाळेत जाणारी, आणि तिसरा सालेम, अजून मान न धरलेला. बिबिजान घरातच राहायची. सालेम तिच्या हातावरच वाढला. तो बोलायला लागला तोही आधी तिच्याशी.

इफरा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवर बिबिजान म्हणाली, "हितल्या चपला लई हलक्या गं. धुतल्या की आकसतात."

"चपला आकसत नाहीत, अम्मी. पाय दाखव."

बिबिजाननं फोन खाली धरला. पाय कणकेच्या गोळ्यासारखे फुगले होते आणि पट्ट्यांचे वळ त्यात रुतून बसले होते.

"मॅडमला सांग. आजच्या आज सांग."

"सांगते की. तिच्या बँकेत ऑडिट चाललंय, तेवढं होऊ दे."

ऑडिट संपायच्या आत ती न्हाणीघरात कोसळली. सालेमला आंघोळ घालत होती. त्याला वाटलं हा खेळ आहे, म्हणून तो मगानं तिच्या तोंडावर पाणी ओतत राहिला. मॅडमनं स्वतःच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रक्तदाबानं त्या वर्षानुवर्षं आतून पोखरल्या होत्या आणि कुणी कधी दंडाला पट्टा बांधून बघितला नव्हता.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मॅडम डब्यातून सूप पाठवायची. बिबिजान फोनवर सांगायची, "रगत धुऊन परत घालतात गं. आपल्याकडं रग धुतात तसं."

मग तिचा तिथं राहण्याचा परवाना संपायला आला. नूतनीकरणासाठी वैद्यकीय तपासणी लागते, आणि तपासणीत नापास झालेल्या बाईला परवाना मिळत नाही. परवाना गेला, तसं दवाखान्याचं कार्डही गेलं. कार्ड नसलेल्या माणसाला दवाखाना फक्त जिवावर बेतलं तरच आत घेतो, असा तिथला नियम. मॅडमच्या नवऱ्यानं बिबिजानला घरी न नेता तिथल्या एजन्सीच्या खोलीत ठेवलं. मालक बदलणाऱ्या, नाहीतर परतीची वाट बघणाऱ्या बायका तिथं असत. दाराला बाहेरून कडी.

"म्हंजी कसं," बिबिजान फोनवर धापा टाकत इफराला समजावत होती, "दम लागून पडलीस तरच ये, असं म्हणतात. मंग मी खुर्चीत बसून वाट बघते."

"कशाची?"

"पडायची."

ती पडली की बाकीच्या बायका दार बडवायच्या. एजन्सीचा माणूस कडी काढायचा, गाडीत घालून न्यायचा. मशीनवर घेतलं की दोन-तीन दिवस बरे जायचे, की पुन्हा खुर्ची.

इफरानं मग हातपाय हलवायला सुरुवात केली. वकिलातीला ईमेल केले. उत्तर यायचं की पाठपुरावा चालू आहे. एका पुढाऱ्याच्या कार्यालयात गेली, तिथं तिच्या निवेदनासकट तिचा फोटो काढून घेतला आणि तो त्यांच्या पानावर टाकला. गल्लीत लोक भेटले की विचारायचे, "काय म्हणते अम्मी? सुटली का?" आणि उत्तराआधीच मान हलवायचे. राजमहंमद दुकानात पंप उघडून बसायचा. कुणी बोललं की वर बघायचा, पुन्हा नोझल पुसायला लागायचा.

एकदा मात्र वकिलातीतून खुद्द एका अधिकाऱ्याचा फोन आला. इफरा कॉलेजच्या वर्कशॉपच्या पायऱ्यांवर बसली होती. आवाज थकलेला, पण माणूस सरळ. तो हिंदीत म्हणाला, बेटी, तुला खोटी आशा दाखवत नाही. तुझ्या आईच्या नावावर पळून गेल्याची तक्रार आहे. ती आहे तोवर तिला विमानात बसता येणार नाही. एक तर मालक तक्रार मागं घेईल, नाहीतर पोलीस तिला पकडून हद्दपार करतील. हद्दपारीला मालकाची सही लागत नाही. पण आधी कोठडी, किती दिवस ते सांगता येत नाही. तिची तब्येत बघता मी तुला तो रस्ता सुचवणार नाही.

पळून गेल्याची तक्रार. इफराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं बॅग घेतली आणि तडक मंचर गाठलं.

बिबिजानला ज्या बाईनं पाठवलं ती वैजयंती मंचरची. मार्केट यार्डाजवळ बारदानाच्या दुकानावर तिचं ऑफिस. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर विमानाचं कॅलेंडर. ती स्वतः तरुणपणी आखातात पोरं सांभाळून आली होती आणि बिबिजानला भाभी म्हणायची. खाली कांद्याचे ट्रक लागले होते. हॉर्ननं बोलणं ऐकू येईना, म्हणून तिनं उठून खिडकी लावली.

"मावशी, अम्मी पळून गेली असं मॅडमच्या नवऱ्यानं लिहून दिलंय. तुम्हाला माहीत होतं?"

वैजयंतीनं खुर्ची पुढं सरकवली. "बस आधी."

"तिला जिना उतरता येत नाही. ती पळेल?"

"ठाऊक हाय मला. पर परवाना संपलेली बाई त्याच्या नावावर ऱ्हायली तर दंड त्याला बसतो. दुसरी बाई बी मिळत न्हाई. पळाली म्हणलं की तो मोकळा."

"मग आता मागं घ्यायला सांगा."

"सांगितलं की. रोज सांगते. तो म्हणतो, घेतो. ज्या दिवशी नवी बाई माझ्या घरात पाऊल ठेवंल त्या दिवशी घेतो. मॅडम बँकेत, तीन पोरं, घरात कुणी न्हाई. तिथली एजन्सी म्हणती, तुमची बाई आजारी पडली, बदली तुमीच द्या."

"मग द्या ना बदली!"

"कोण येतंय?" वैजयंतीचा आवाज चढला. "तुझ्या आईचं सगळ्यांनी ऐकलंय. मंचर झालं, घोडेगाव झालं, तिकडं लोणीपतुर जाऊन आले. दारातनंच चहा पाजून परत पाठवत्यात." ती टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिली. मग हळू म्हणाली, "मॅडमनं तुला बघितलंय. तुझ्या आईच्या फोनात. ती म्हणती, बिबीची पोरगी आली तर लई बरं. पोरं लगेच रुळतील."

इफराला वाटलं आपल्याला राग यायला हवा. आला नाही.

"किती दिवस?"

"करार दोन वर्साचा. कॉलेजात सुट्टी टाकायची, आल्यावर पुढं शिकायचं. तू आत गेलीस की त्याच दिवशी तो सही करनार. तुझी आई येईल." वैजयंतीनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. "न्हाई म्हणलीस तरी मी तोंड फिरवनार न्हाई, बाळा. पर दुसरा रस्ता मला बी दिसत न्हाई."

जुन्नरच्या एसटीत इफराला खिडकीची जागा मिळाली. नारायणगावला टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअपांनी रस्ता अडवला होता. गाडी पुढंही जाईना, मागंही घेता येईना. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि लोक मोबाइल बघत बसले. इफरानं तिथंच वैजयंतीला मेसेज केला, येते.

घरी राजमहंमदनं सगळं ऐकून घेतलं. हातातला पाना खाली ठेवला.

"तुज्या अम्मीला इचार."

"अम्मीला सांगायचं नाही. कसम घ्या, अब्बा. मी तिथं पोचले की मगच तिला कळू दे."

राजमहंमदनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. कसम मात्र घेतली नाही.

मग सगळं भराभर सुरू झालं. पुण्यात तपासणी, रक्त, छातीचा फोटो. सगळं उत्तम. कॉलेजात अर्ज दिला, तर विभागप्रमुखांनी कारण वाचून चष्मा काढला आणि पुन्हा घातला. आणि एका दुपारी मॅडमनं तिची व्हिडिओवर मुलाखत घेतली.

इफरानं मॅडमची कल्पना केली होती ती वेगळीच. समोर गळ्यात बँकेचं ओळखपत्र अडकवलेली, डोळ्यांखाली काळं झालेली एक बाई बसली होती. ती इंग्रजीत विचारत गेली. स्वयंपाक येतो का, पोहता येतं का, लग्न ठरलंय का. मग थांबून म्हणाली, "काही आजार?"

"नाही."

"तुझी आईही नाही म्हणाली होती." तिनं कपाळ चोळलं. "तिला माहीत नव्हतं, मला कळतं. मला तिची आठवण येते. पण माझ्या नवऱ्यापुढं माझं किती चालतं ते तुला तिथं बसून कळणार नाही."

तिनं फोन हातात घेऊन खोली दाखवली. जिन्याखालची जागा होती. एक पलंग, भिंतीला फळी, छोट्या खिडकीची झडप बंद केलेली. खुंटीवर बिबिजानची हिरवी ओढणी अजून लटकत होती. इफरानं ती ओढणी जुन्नरच्या बाजारातून ईदला घेतलेली.

तेवढ्यात फोनवर एक गोल चेहरा आला, अगदी जवळ. तीन वर्षांचा सालेम. इफराचे नाक-डोळे आईवर गेलेले. पोर बघतच राहिलं. मग त्यानं काचेवर हात ठेवला आणि खणखणीत विचारलं, "बीबी, कुटं व्हतीस? लई येळ झाला!"

आखातातल्या त्या पोराच्या तोंडी जुन्नरची बोली होती, अगदी अम्मीची.

"काय म्हणाला?" मॅडमनं विचारलं. "तो असंच काहीतरी बोलतो. आम्हाला कुणालाच कळत नाही."

"तो विचारतोय, कुठं होतीस."

मॅडमनं मान वळवली. मुलाखत संपली. तिकीट निघालं.

जायला थोडे दिवस उरले असताना भरदुपारी बिबिजानचा फोन आला. नेहमी ती आधी काय खाल्लंस विचारायची. या वेळी विचारलं नाही.

"तू हितं यायचं न्हाई."

इफरा उठून उभी राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुज्या अब्बानं. रडत व्हता. तू हितं यायचं न्हाई, मी मेले तरी यायचं न्हाई. माज्या पलंगावर तू झोपायचं? त्या कोंदट खोलीत?"

"मी आले की ते तुला सोडतील, अम्मी."

"आन् तुला कोण सोडंल?"

इफरा चिडली. एवढ्या दिवसांचं सगळं वर आलं. "मग काय करू मी? खुर्चीत बसून तू पडायची वाट बघू? दुसरा रस्ता पोलिसांचा आहे. ते अधिकारी म्हणाले, पोलिसांनी धरलं तर मालकाची सही लागत नाही, सरळ घरी पाठवतात. पण आधी कोठडी. तिथं मशीन मिळतं का नाही कुणाला माहीत. तो काय रस्ता आहे का?"

बिबिजाननं हळूच विचारलं, "सही लागत न्हाई म्हणलं?"

"अम्मी, मी तुला ते कर म्हणून नाही सांगितलं."

"न्हाई, न्हाई. मी आपलं इचारलं." आवाज एकदम निवळला. "परीक्षा कधी हाय तुजी?"

"अम्मी."

"जेवत जा वेळेवर." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. खोलीतल्या एका हैदराबादच्या बाईचा नंबर इफराकडं होता, तीही उचलेना. मग वैजयंतीचा फोन आला. "इफरा, तुझी आई खरंच पळाली गं. दवाखान्यातनं. एजन्सीचा मानूस बाहेर गाडीत बसून ऱ्हायला, ही आतनंच कुठं गेली कळंना."

"म्हणजे? ती चालू शकत नाही!"

"मला काय ठाऊक? मालक पेटलाय. म्हणतो, ठरल्या दिवशी नवी पोरगी आली न्हाई तर तक्रार कायमची. तू नीघ. तू आत गेलीस तर निदान शोधता तरी येईल."

इफराला फक्त एवढंच कळत होतं की सगळ्या बाजूंनी भिंत आहे. गेली, तर जिच्यासाठी जायचं ती कुठं आहे, आहे की नाही, हेच माहीत नाही. न गेली, आणि अम्मी कुठल्या तरी दवाखान्याच्या व्हरांड्यात पडलेली असली, तर तिचा शेवटचा दोर आपणच कापला. वकिलातीतला तो अधिकारी रजेवर होता. दुसऱ्यानं नाव लिहून घेतलं. इफरा रोज कपडे बॅगेत भरायची, रोज काढायची. अब्बाशी ती बोलत नव्हती. त्यांनी सांगितलं नसतं तर अम्मी खोलीत राहिली असती, हे तिच्या मनातून जाईना.

ठरलेल्या सकाळी मंचरहून जीप आली आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. इफरानं केस बांधले, पासपोर्ट घेतला, पुढच्या खोलीत आली. राजमहंमद तिच्या बॅगेवर बसला होता. दुकानाचे मळके कपडे, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"उठा, अब्बा."

"न्हाई उठत."

"जीप थांबलीय."

"थांबू दे."

"अम्मीचं काही झालं तर?"

"झालं तर माज्या डोक्यावर." तो हलला नाही. "ती म्हणली, पोरीला पाठवू नको. आजवर तिनं सांगितलेलं एक काम मी धड केलं न्हाई. ह्ये करनार."

इफरानं बॅगेची मूठ धरून ओढली. तो जड माणूस नव्हता, पण बॅग तसूभर सरकली नाही. जीपनं हॉर्न दिला. शेजारच्या चिमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पुन्हा हॉर्न. मग वैजयंती स्वतः आत आली, तिनं दारातून दोघांना बघितलं आणि मागं फिरली. जीप गेल्याचा आवाज आला. इफरा जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडली. राजमहंमद कितीतरी वेळ तसाच बॅगेवर बसून होता.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते दोघांनाही पुढं नीट सांगता आलं नाही. इफरा कॉलेजला गेली नाही. घरात फोन वाजला की दोघंही दचकायचे आणि पुढं कुणीच व्हायचं नाही. एका सकाळी परदेशी नंबर आला. इफरानं उचलला तर एक मल्याळी वळणाची हिंदी बोलणारी बाई. "इफरा है क्या? मम्मी बात करेगा. जल्दी करो, पोलीस बाहर है."

आणि मग बिबिजान. "गेली न्हाईस ना तू?"

"नाही."

"अब्बानं थांबवलं?"

"हो."

"शाब्बास," बिबिजान म्हणाली, आणि ते इफराला उद्देशून नव्हतं.

ती कोठडीत होती, आणि जिवंत होती. हद्दपारीचे कागद व्हायला बरेच दिवस लागले, पण वकिलातीतला तो अधिकारी रजेवरून परत आला आणि मालकाच्या कपाटात राहिलेल्या पासपोर्टाच्या जागी तात्पुरता प्रवास दाखला त्यानं करून दिला. मुंबईच्या विमानतळावर बिबिजान चाकाच्या खुर्चीतून बाहेर आली तेव्हा इफरानं आधी तिला ओळखलंच नाही. निम्मी झाली होती. मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी. राजमहंमदनं ती पिशवी घेतली, आणि मग काय करावं न सुचून दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिला.

झालं काय होतं ते तिनं वाटेत गाडीतच सांगितलं, थांबून थांबून.

"दम लागला, बायकांनी दार बडवलं. दवाखान्यात नेलं, मशीन लावलं. उतरल्यावर म्हणलं, आता अंगात जीव हाय तवरच. दाराशी पोलीस असतो. त्याला म्हणलं, मी पळालेली बाई हाय, मला धरा. त्याला कळंना. मी हात असे जोडून दावले, बेडी घाल म्हणून. त्यो म्हणतो, घरी जा, मावशी! गुन्हेगार बी मानंना मला."

"मग?"

"मंग ती केरळची नर्स आली, तुला फोन लावून दिला ती. तिला सगळं ठाऊक व्हतं. ती त्याच्या भाषेत बोलली. त्यानं माजं बोट यंत्रावर ठेवलं, नाव निघालं. मंग धरलं."

"आणि मशीन?"

बिबिजान खिडकीतून बाहेर बघत होती. "कोठडीत वेळेवर मशीन. ठरल्या वारी, ठरल्या टायमाला. पायाला साखळी, पलंगाला बांधलेली. रगत चालू असताना बी साखळी. पर मशीन वेळेवर." ती थोडं हसली. "कैदी मेला तर त्यांना वर जाब द्यावा लागतो. त्या खोलीत मेले असते तर कुणालाच न्हाई."

तिच्या बोटांचे ठसे आता तिथं कायमचे नोंदले गेलेत. त्या देशात तिला पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. हे सांगताना तिला पहिल्यांदा रडू आलं. "सालेमला सांगून बी आले न्हाई," ती म्हणाली. "त्याला वाटत आसंल, मी दवाखान्यातनं येनार हाय."

आता आठवड्यातून दोनदा राजमहंमद तिला मंचरच्या सरकारी दवाखान्यात आणतो. पहाटे दुकानाच्या मालाच्या टेम्पोत पुढं बसवून निघतात. हायवेवर गर्दी असली की तो हॉर्नही न वाजवता वाट बघतो. इफराचं एक सत्र गेलं, पण ती पुन्हा कॉलेजला जाते. अवसरी जवळच, त्यामुळे तास संपले की दवाखान्यात येऊन बसते. डॉक्टर एकदा म्हणाले, मुलीची किडनी जुळते का बघता येईल. बिबिजाननं त्यांना तिथंच थांबवलं. त्यावर घरात अजून कुणी बोललेलं नाही. इफराच्या मनात ते आहे, आणि बिबिजानला ते दिसतं. चार तास हातात सुई घेऊन पडून राहायचं, मग घर, मग पुन्हा तेच. "हितं बी बांधलेलीच की," ती एकदा म्हणाली. "पर हितं कडी बाहेरनं न्हाई, एवढंच."

परवा मशीन चालू असतानाच वैजयंती आली. हातात मोसंब्यांची पिशवी. इफरानं तिच्याकडं बघितलं नाही. बिबिजान म्हणाली, "बस गं." वैजयंती स्टुलाच्या कडेवर टेकली. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"त्या घरात कोण गेलं?" बिबिजाननं विचारलं.

वैजयंती मोसंबी पिशवीतून काढून उशाशी एकेक मांडत राहिली. "लोणीची एक हाय. तेजस्विनी. बारकं पोर सासूकडं ठेवून गेली."

"सगळं माहीत असून पाठवलंत, मावशी?" इफरा म्हणाली.

"तिला सगळं सांगितलं व्हतं. ती म्हणली, मला आजार न्हाई." वैजयंतीनं मान खाली घातली. "मी न पाठवती तर दुसऱ्याकडनं गेली आसती."

इफरा काही बोलणार होती, पण बिबिजाननं मोकळा हात वर केला. "नंबर दे तिचा."

"भाभी, कशाला आता..."

"दे."

वैजयंतीनं फोनमधून नंबर काढला, इफरानं तो लावून आईच्या कानाला धरला. बराच वेळ वाजल्यावर एक दबका, घाबरा आवाज आला. मागं मुलांचा गोंगाट होता.

"तेजस्विनी का?"

"हां. कोण बोलतंय?"

"मी बिबिजान. जुन्नरची. तुज्या आधीची."

पोरगी कुठल्या तरी दाराआड सरकली असावी, कारण गोंगाट एकदम लांब गेला. नर्सनं येऊन बिबिजानचा सुईचा हात सरळ केला. बिबिजाननं लक्ष दिलं नाही.

"सालेम झोपताना तळपाय चोळून मागंल. चोळत जा, लगेच झोपतो. तो आपल्या भाषेत बोलला तर उत्तर देत जा, त्याला कुणी देत न्हाई. ते ऱ्हाऊ दे, आता मला सांग. तुजा पासपोर्ट कुठाय?"

"सायबांनी ठेवून घेतलाय. कपाटात."

बिबिजाननं डोळे मिटले, उघडले.

"बरं. जवळ कुणी हाय का? न्हाई ना? मंग कधी तिथनं निघायची येळ आली तर काय करायचं ते सांगते, नीट ऐक."